हिवराळे मास्तरांची डबल बेल

हिवराळे मास्तरांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी चुकीच्या जागेवर बसलो होतो.

"साहेब, आत सरका. ती कंडक्टरची सीट हाय."

मी इकडेतिकडे पाहिलं. सकाळचे पावणेसहा वाजले होते. छावणीतल्या माझ्या घरासमोर एक साधी तीनचाकी रिक्षा उभी होती. आत उजव्या कडेला नऊवारी नेसलेली एक म्हातारी पाय वर घेऊन बसली होती, पुढे दाढीवाला ड्रायव्हर जांभया देत होता, आणि मला चढता यावं म्हणून खाली उतरलेले हे सडपातळ, करड्या मिशांचे गृहस्थ माझ्याकडे विनातिकीट सापडलेल्या माणसाकडे पाहावं तसे पाहत होते. रिक्षाला कंडक्टर असतो हे मला तोवर माहीत नव्हतं. शिवाय एकतीस वर्षं सरकारी खुर्चीत बसलेल्या माणसाला कुणी 'सरका' म्हटलेलं सोसत नाही. मी म्हणालो, "मला जरा हवेशीर बसायचंय."

"हवा समद्यांना सारखीच लागती. सरका, गाडी लेट व्हायली."

मी सरकलो. म्हातारीच्या आणि त्यांच्या मधल्या त्या जागेत, गुडघे जुळवून, पुढची जवळजवळ तीन वर्षं मी बसलो.

मग त्यांनी बोटाने मोजलं. "एक माय. दोन साहेब." तिसऱ्यांदा बोट स्वतःच्या छातीवर टेकवलं, "आन् कंडक्टर." एक पाय रिक्षाच्या पायरीवर ठेवला आणि ड्रायव्हरच्या पाठीमागच्या दांडीला बसवलेली सायकलची जुनी घंटी दोनदा वाजवली. टण् टण्. रिक्षा निघाली.

आता मी त्या रिक्षात का होतो, ते सांगायला हवं, आणि त्यात माझी शोभाच आहे. माझ्या दोन्ही मूत्रपिंडांनी एकाच वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली. डॉक्टरांनी वर्षभर आधी बजावलं होतं, की डायलिसिस लागणार आहे, हाताची छोटी शस्त्रक्रिया करून घ्या. मी म्हणालो, दिवाळीनंतर बघू. दिवाळीनंतर म्हणालो, मार्च एंड होऊ द्या. निवृत्त माणसाला कसला मार्च एंड, पण सवय. जमिनीच्या मोजणीचे नकाशे देणाऱ्या एका सरकारी कार्यालयात मी खिडकीवर बसायचो, आणि 'उद्या या' हे दोन शब्द मी इतक्या वेळा उच्चारले होते, की शेवटी स्वतःच्या शरीरालाही तेच सांगून बसलो. शरीराने ऐकलं नाही. मंगळवार, गुरुवार, शनिवार, चार-चार तास मशीनवर, तेही जन्मभर, असं ठरलं. चुकवलं तर अंगात पाणी साठतं, रक्तात विष साठतं आणि माणूस जातो. इतका सरळ हिशोब मी नोकरीत कधी पाहिला नव्हता.

पहिला महिना मी दर खेपेला नवी रिक्षा शोधली आणि दर खेपेला उशिरा पोचलो. मुलगा पुण्याला, बायकोला गाडी येत नाही, आणि सुया टोचलेल्या हाताने स्कूटर चालवायची डॉक्टरांनी मनाई केलेली. मग तिथल्या सिस्टरनीच सांगितलं, की पडेगावकडून तीन पेशंटची एक रिक्षा येते, तिच्यात एक जागा रिकामी झाली आहे. जागा रिकामी कशी झाली, हे मी विचारलं नाही. आयुष्यभर लोकांकडे सतरा कागद मागणाऱ्या मला तेवढी चौकशी करायचं धाडस झालं नाही.

रिक्षा अफसरभाईंची. ती आधी पडेगावला कोंडाबाईंना घ्यायची. कोंडाबाई म्हणजे ती उजव्या कडेची म्हातारी. धनगराची बाई, सत्तरी ओलांडलेली, उभा जन्म शेळ्यांमागे गेलेला. तिथून गाडी भीमनगरला यायची, हिवराळे मास्तरांकडे, आणि शेवटी छावणीत माझ्याकडे. मग बाबा पंप, क्रांती चौक आणि जालना रोडवरून थेट दवाखाना. मास्तर निवृत्त होईपर्यंत एसटीच्या लाल गाडीवर कंडक्टर होते. खाकी पँट अजून तीच, इस्त्रीची घडी सुरीसारखी. शर्टाच्या खिशावर बिल्ला लावून लावून पडलेली दोन भोकं होती, ती त्यांनी कधी रफू करून घेतली नाहीत. मूत्रपिंडं त्यांचीही गेली होती. पण आपण पेशंट आहोत आणि आजारपणामुळे या रिक्षात बसतो, हे त्यांना मान्य नव्हतं. ते ड्यूटीवर होते.

सकाळी गाडीत चार तऱ्हेचे रामराम व्हायचे. कोंडाबाई 'राम राम', अफसरभाई 'सलाम', मी 'नमस्कार', आणि मास्तर खणखणीत 'जय भीम'. वर्षभरात कधीतरी माझ्या तोंडून आपोआप 'जय भीम' गेलं. मास्तरांनी त्याची काही दखल घेतली नाही. फक्त म्हणाले, "आज येळेवर हायेत साहेब."

त्यानंतर तपासणी. डायलिसिससाठी हाताची एक शीर धमनीला जोडतात, आणि तिथे बोट ठेवलं की आतून थरथर जाणवते. थरथर आहे तोवर रस्ता चालू. मास्तर माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "इंजिन चालू हाय." कोंडाबाईंच्या मनगटावर मात्र बोट ठेवायचे नाहीत, फक्त विचारायचे, "माय, इंजिन बघितलं का?" कोंडाबाई मनगट कानाला लावायची. "व्हय, गाभन शेळीच्या पोटावानी गुरगुर करायलंय." मग दुसरा प्रश्न. दोन फेऱ्यांच्या मधे अंगात जेवढं पाणी साठतं, तेवढं वजन वाढतं. मास्तर त्याला लगेज म्हणायचे.

"साहेब, आज लगेज किती?"

"असेल दोन-अडीच किलो."

"जादा लगेज. पाऱ्यावर कंट्रोल नाय तुमचा." पाण्याच्या फुलपात्राला ते पारा का म्हणत देव जाणे, पण पाणी पिण्याबद्दल माझ्यावर कधी कुणी आवाज चढवला नव्हता, तो त्यांनी चढवला. आणि मीही खिडकीवरच्या अर्जदारासारखा खाली मान घालून म्हणायचो, "हो मास्तर, उद्यापासून."

अफसरभाईंना त्या घंटीचा फार राग. "क्या मास्टर, मैं बैल हूँ क्या, गले में घंटी बांध के रख दिए? तीस साल से ऑटो चलारा मैं, किसी ने घंटी नै मारी."

"ड्रायव्हरनं मागं बघायचं नसतं," मास्तर सांगायचे. "पुढचा रस्ता तुमचा, मागची मानसं माझी. एक बेल झाली का थांबायचं, दोन झाल्या का निघायचं. बस."

"हौ," अफसरभाई म्हणायचे, आणि खरोखर मागे बघायचे नाहीत. सहा महिन्यांत त्यांना अशी सवय लागली, की घंटीशिवाय त्यांचा पाय ब्रेकवरून निघेना. एकदा मास्तर औषध आणायला गेले असताना मी साहेबी थाटात म्हणालो, "चला आता जरा पुढे घ्या, सावलीत." अफसरभाई ढिम्म. "घंटी किधर हुई साब?"

माझी त्या गाडीतली किंमत मला नीट कळली ती साखरपुड्याच्या दिवशी. मेहुण्याच्या मुलीचा साखरपुडा शनिवारी आला. मी गुलमंडीतून रेशमी कापड आणून खास झब्बा शिवून घेतला होता. आदल्या संध्याकाळी मास्तरांना फोन करून म्हणालो, "उद्याची माझी फेरी रद्द समजा. सोमवारी बघू काहीतरी." मास्तर म्हणाले, "बरं." मला वाटलं, विषय संपला. दुसऱ्याला 'बरं' म्हणायला लावून विषय संपवण्यात माझी हयात गेलेली.

सकाळी पावणेसहाला दारात घंटी. एकच. टण्. जरा वेळाने पुन्हा, टण्. समोरच्या गॅलरीत शेजारीण आली. मी रेशमी झब्ब्यातच होतो, कारण हौस. दार उघडलं तर मास्तर उभे.

"गाडी उभी हाय."

"अहो, मी काल सांगितलं ना, आज रद्द."

"फेरी रद्द करायचा अधिकार पाशिंजरला नसतो."

"मग कुणाला असतो?"

"डेपोला."

"आणि डेपो कुठंय?"

"तुमच्यासमोर हुबा हाय."

मी कपाळाला हात लावला. मी तावातावाने बरंच काही बोललो. घरचं कार्य, नातेवाईक, एक दिवसाने काय होतंय. तेवढ्यात रिक्षातून कोंडाबाईंचा आवाज आला, "आरं चल की रं बाबा, माज्या पायाला सूज चढायली." तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी हललो नाही तर गाडी हलणार नाही, आणि गाडी हलली नाही तर या म्हातारीचीही मशीनची पाळी चुकणार. मी त्या झब्ब्यासकट रिक्षात बसलो. बायको मागून काय म्हणाली ते लिहीत नाही.

दवाखान्यात सिस्टर म्हणाल्या, "काका, कुणाचं लग्न?" झब्ब्याची बाही इतकी तंग होती, की कोपराच्या वर जाईना. शिंप्याला मीच बजावलं होतं, ढगळ नको, तरुण दिसलं पाहिजे. शेवटी सिस्टरनी कात्री आणली आणि डावी बाही खांद्यापासून उतरवली. शेजारच्या खाटेवरून मास्तर पाहत होते. "हाफ तिकीट झालं," एवढंच म्हणाले.

मग रक्ताचा रिपोर्ट आला. आदल्या दिवशी घरच्या पूजेत मी दोन केळी खाल्ली होती आणि दोन शहाळी प्यालो होतो, या आजारात दोन्हींना सक्त मनाई, कारण त्यातलं पोटॅशियम रक्तात साठून हृदय थांबू शकतं. डॉक्टरांनी कागद पाहिला, मला पाहिलं, पुन्हा कागद पाहिला. म्हणाले, "मास्तरांना सोमवारी बघू म्हणालात ना? सोमवारी आम्हीच तुम्हाला बघायला आलो असतो, तुमच्या घरी, चपला बाहेर काढून."

चार तास मी मशीनला जोडलेला पडून होतो आणि छताकडे पाहत होतो. मी घाबरलो होतो, अगदी लहान पोरासारखा घाबरलो होतो. दुपारी एका बाहीचा झब्बा घालून मी हॉलवर पोचलो, तर नवऱ्या मुलाच्या काकांनी ही नवीन फॅशन का म्हणून विचारलं. मी हो म्हणालो. बायकोने दोन दिवस अबोला धरला. मी शेवटी रिपोर्टचं सांगितलं, तेव्हा मंगळवारी पहाटे उठून तिने मास्तरांसाठी डबाभर उपमा केला आणि स्वतः रिक्षापर्यंत नेऊन दिला.

यानंतर मी मास्तरांना जरा मान देऊ लागलो, आणि त्याबदल्यात मलाही थोडा मिळावा असं मला वाटत होतं. एका गुरुवारी मशीन रिकामं व्हायची वाट पाहत बाकावर बसलो असताना तेच म्हणाले, "साहेब, तुमी मोजनीच्या हापिसात व्हते ना? तीन नंबरची खिडकी?"

मी सुखावलो. खाकीतल्या माणसाने खुर्चीतल्या माणसाला ओळखलं. मी ताठ बसून म्हणालो, "हो. ओळखलंत वाटतं?"

"वळखनार नाय का? सात फेऱ्या केल्यात तुमच्या खिडकीला. माज्या आन् भावाच्या जमिनीचा नकाशा पाह्यजे व्हता. तुमी दर बारी म्हनायचे, उद्या या."

माझा ताठा बाकावरच गळून पडला. "मग? मिळाला का नकाशा?"

"आठव्या बारीला गेलो तर तुमची बदली झालेली. नव्या बाईनं अर्ध्या घंट्यात दिला."

त्यांच्या आवाजात डंख नव्हता. गाडी कुठे किती वाजता सुटली, ते सांगावं तसं सांगत होते. मी विचारलं, "तुम्ही मला कधी ओळखलंत?"

"पह्यल्याच दिशी. म्हनून तर मधी बसवलं. म्हनलं हा मानूस फेऱ्या रद्द करनारा हाय, कडंला बसवला तर उतरून जाईल."

"आणि राग नाही आला?"

"आला की. लई आला." त्यांनी पँटची घडी सारखी केली. "पन पाशिंजर तो पाशिंजर. रागाचा असला तरी उतरवायचा त्याच्याच थांब्यावर."

त्या दिवशी मशीनवर आम्ही शेजारी शेजारी होतो. शरमेचा विषय बदलावा म्हणून मी विचारलं, "मास्तर, तीनच तर माणसं असतो आपण. एवढं रोज मोजता कशाला?"

त्यावर त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्या नोकरीच्या पहिल्या वर्षातलं. वैजापूरकडून येणारी सकाळची गाडी होती. गंगापूरच्या अलीकडच्या एका गावी एक म्हातारा चढला, एकटा. पोटावर हात दाबून धरलेला. हातात दवाखान्याचा कागद. म्हणाला, "मास्तर, मला दवाखान्याच्या फाट्यावर उतरवा, मला वाचता येत नाय." मास्तर म्हणाले, बसा बाबा, मी सांगतो. पुढच्या थांब्यावर पावसाचा चिखल होता, एका बाईचं पोतं वर चढवायला मास्तर खाली उतरले. गाडीला उशीर झालेला. घाई म्हणून त्यांनी खालूनच दारातून हात घातला आणि घंटीची दोरी दोनदा ओढली. मागोमाग उडी मारून चढता येईल असा अंदाज. चिखलात पाय सटकला. गाडी गेली.

"ड्रायव्हरनं मागं बघितलं नाय. का बघंल? डबल बेल झाली व्हती." मशीनच्या नळीतून त्यांचं रक्त फिरत होतं आणि ते छताकडे बघून बोलत होते. "मी एका ट्रकमधी बसून मागं आलो. स्टँडवर पोचलो तर गाडी रिकामी. ड्रायव्हरला इचारलं, फाट्यावर कुनी उतरलं का? तो म्हनला, बेलच झाली नाय, मी थांबलोच नाय. म्हातारा कुटं उतरला, त्याला कुनी दवाखाना दावला का, काय बी कळलं नाय. पुढं महिनाभर त्याच गाडीवर ड्यूटी मागून घेतली. त्या गावात इचारलं. कुनाला ठाव नाय."

"पोचला असेल हो," मी म्हणालो. "कुणीतरी सांगितलं असेल."

"आसंल. नसंल बी." मग म्हणाले, "तवापासून एक पाय गाडीत असल्याबिगर डबल बेल दिली नाय मी. जमिनीवर हुबं राहून कवाच नाय."

माझ्या खिडकीवरून 'उद्या या' ऐकून गेलेली माणसं पुढे कुठे उतरली, हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं. विचारावं असं कधी मनातही आलं नव्हतं, आणि याची मला त्या दिवशी लाज वाटली.

मास्तर नियमाचे इतके कडक, पण एकदा त्यांनी नियम मोडलेला मी पाहिला. छावणीत गुरुवारी जनावरांचा बाजार भरतो. परतताना दर गुरुवारी कोंडाबाई शेळ्या दिसल्या की हात बाहेर काढायची, "थांबीव रं अफसर." आणि दर गुरुवारी मास्तर म्हणायचे, "माय, इथं थांबा नाय." ती पुटपुटत हात आत घ्यायची.

तिच्या आजारपणात चारायला कुणी नाही म्हणून मुलाने तिच्या सगळ्या शेळ्या एका दिवसात विकून टाकल्या. त्यानंतर तिने मनगट कानाला लावणं सोडलं. बाजारातून जातानाही हात बाहेर काढेना. एका गुरुवारी परतीच्या वाटेवर म्हणाली, "मास्तर, शनवारी माज्यासाठी येऊ नगा. कुनासाठी ह्या सुया टोचून घेऊ? घरी कुनी वाट बघनारं ऱ्हायलं नाय."

मला वाटलं आता मास्तर डेपोची गोष्ट काढणार. पण छावणीच्या बाजाराशी आल्यावर त्यांनी घंटी वाजवली. एकच. अफसरभाईंनी चमकून ब्रेक दाबला. मास्तर उतरले आणि म्हणाले, "माय, उतरा. हा विनंती थांबा हाय." तिला हाताला धरून ते गर्दीत घेऊन गेले. अर्ध्या तासाने परतले तेव्हा तिच्या कडेवर एक काळं, पांढऱ्या कानांचं करडू होतं. तिच्या भाच्याने दिलेलं, म्हणाली. कुणाचा भाचा, कोण जाणे.

"हे कुठे बसणार?" मी विचारलं.

"लगेज मांडीवर," मास्तर म्हणाले. "मधल्या पाशिंजरच्या."

सुयांच्या जागी पट्टी बांधलेला एक हात वर धरून आणि दुसऱ्या हाताने ते करडू छातीशी दाबून मी माझ्या घरापर्यंत गेलो. वाटेत त्याने जे करायचं ते माझ्या पायजम्यावर केलं. शेजारीण पुन्हा गॅलरीत होती. शनिवारी सकाळी कोंडाबाई गाडीत होती, आणि 'राम राम' म्हणायच्या आधीच सांगत होती, की करडू रात्रभर तिच्या उशाशी ओरडलं.

आता जे सांगायचं आहे त्यात माझं काही कौतुक नाही. शेवटच्या काही महिन्यांत मास्तर शर्टाचं वरचं बटण लावू लागले. मला वाटलं, थंडी. ते दवाखान्यापाशी कोंडाबाईंना उतरवताना दांडीला धरून जरा थांबायचे. मला वाटलं, वय. एकदा सिस्टर बोलल्या तेव्हा कळलं, की त्यांच्या हाताची शीर बंद पडली होती आणि मानेजवळ नळी घालून त्यांचं डायलिसिस चाललं होतं. ते बटण नळी झाकायला होतं. तीन वर्षं त्यांनी दर फेरीला माझं इंजिन तपासलं. मी एकदाही त्यांच्या मनगटावर बोट ठेवून पाहिलं नव्हतं. कंडक्टरचं इंजिन कुणी बघायचं, हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही.

मास्तरांना जाऊन आता आठ महिने झाले. घंटी अजून तिथेच आहे. मोजायचं काम माझ्याकडे आलं आहे आणि ते मी भिकार करतो. पहिल्याच दिवशी मी स्वतःला मोजायला विसरलो आणि एक माणूस कमी भरतंय म्हणून पाच मिनिटं गाडी खोळंबून ठेवली. कोंडाबाई मनगट कानाला लावून गुरगुर ऐकते आणि पाठीची तक्रार करते. करडाची आता शेळी झाली आहे. गेल्या महिन्यात मधल्या जागेवर एक नवे गृहस्थ आले, बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले. चढल्या चढल्या कडेला बसले आणि म्हणाले, मला जरा हवेशीर लागतं. मी म्हणालो, "आत सरका."

मास्तरांना मी गाडीपाशी शेवटचं पाहिलं तो मंगळवार होता. मशीनवर असतानाच त्यांना थंडी वाजून ताप भरला. नळीतून जंतू गेले होते. डॉक्टरांनी त्यांना ठेवून घेतलं, मुलाला बोलावलं. मी आणि कोंडाबाई खाली येऊन रिक्षात बसलो आणि नुसतेच बसून राहिलो. अफसरभाईंनी गाडी चालू केली नाही. कुणी त्यांना निघा म्हणालंही नाही.

थोड्या वेळाने दवाखान्याच्या दारातून मास्तर आले. वर दवाखान्याचा निळा झगा, खाली तीच खाकी पँट, मनगटावर प्लास्टिकचा पट्टा. मागून सिस्टर हाका मारत होत्या. ते रिक्षापाशी आले. त्यांचे दात वाजत होते.

"साहेब," ते म्हणाले, "कडंला सरका."

मला कळेना. "मास्तर, ती तुमची जागा..."

"सरका, गाडी लेट व्हायली. मायला आधी पडेगावला उतरवायचं, मग तुमी, तिला पाट्या वाचता येत नाय. पाय खाली टेकला का मगच हात सोडायचा. आन् समदे पोचले का मला फोन करायचा." मग जरा हळू म्हणाले, "नाय तर मला कळनार कसं?"

मी कडेला सरकलो. मी म्हणालो, "परवा येतो, मास्तर. वेळेवर येतो." मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला दिवस सांगून शब्द दिला असेल. त्याप्रमाणे मी येत राहिलो, आणि ते होते तोवर प्रत्येक फेरीनंतर फोन करून सांगत राहिलो, की माय पोचली, मी पोचलो.

त्यांनी बोट उचललं. "एक माय. दोन साहेब." बोट सवयीने छातीकडे वळलं आणि तिथून मागे आलं. मग त्यांनी रिक्षाच्या आत हात घातला आणि घंटी वाजवली. टण् टण्.

अफसरभाईंनी मागे बघितलं नाही. गाडी निघाली. मी ओरडणार होतो, थांबा, मास्तर खाली आहेत, पण डबल बेल झाली होती. मी रिक्षातून वाकून मागे पाहिलं. सिस्टर त्यांचा दंड धरून उभ्या होत्या. मास्तर आमच्या गाडीकडे पाहत होते. त्यांचे दोन्ही पाय जमिनीवर होते.